जुनी मोटार आणि तिचा वरखर्च

बैलबाजारात आपण जातो तेव्हा काय करतो? बैलाचे दात पाहतो. खांदा चाचपतो. चार पावले चालवून बघतो. भोवरा कुठे आहे तेही पाहतो. मग उपरण्याखाली बोटे धरून किंमत ठरते आणि बैल घरी येतो. पण तेवढ्याने भागते का? दावे हवे, कासरा हवा, वेसण हवी. नाल मारायची मजुरी आहे. कडबा आहे, पेंड आहे. हा खर्च कुणी सांगावा लागत नाही. तो आपल्या बापजाद्यांपासून ठाऊक आहे. म्हणून बैल घेणारा माणूस किमतीचे पैसे वेगळे आणि वरचे पैसे वेगळे बांधून नेतो.

मोटारीचे मात्र तसे नाही. मोटार आपल्या गावात आली ती अलीकडे. आता खेड्यापाड्यांतून जुन्या गाड्या पुष्कळ दिसतात. दवाखान्याला, लग्नकार्याला, तालुक्याच्या कामाला गाडी उपयोगी पडते. नवी परवडत नाही, म्हणून लोक जुनी घेतात. त्यात वावगे काही नाही. पण गाडीची किंमत म्हणजेच गाडीचा खर्च, असे पुष्कळजण धरून चालतात. तिथे घात होतो.

आमच्या ओळखीचे एक ऊस-बागायतदार आहेत. उसाच्या बिलाचे एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये हाती होते. त्यांनी २०१३ सालची पेट्रोलची एक लहान गाडी एक लाख साठ हजाराला घेतली. वर पंधरा हजार शिल्लक राहतात, म्हणून स्वारी खुशीत होती. पुढे काय झाले ते त्यांनी वहीत लिहून ठेवले होते. ते आम्ही जसेच्या तसे सांगतो.

मेस्त्रीला गाडी दाखवली, पाचशे. नावावर करण्यासाठी फी आणि एजंटाची मजुरी मिळून तीन हजार. विमा संपलेला होता, त्याचे साडेसात हजार. नव्या नंबरपाट्या, आठशे एकोणऐंशी. धुराचा दाखला, सव्वाशे. चारही टायर झिजलेले होते, सोळा हजार. बॅटरी उठत नव्हती, पाच हजार. ऑइल, फिल्टर, ब्रेक आणि बाकी सर्व्हिसिंग, सहा हजार. बेरीज करा बरे. एकोणचाळीस हजार चार रुपये होतात. म्हणजे गाडीच्या किमतीचा जवळजवळ चौथा हिस्सा. पंधरा हजार शिल्लक होते ते गेले, आणि चोवीस हजार कमी पडले. ते खताच्या पैशातून घ्यावे लागले. खोडव्याला खत वेळेवर मिळाले नाही. गाडी दारात उभी, आणि ऊस पिवळा!

गाडी वाईट नव्हती, बरे का. आजही ती चालते. हिशेब तेवढा अर्धाच मांडला होता. आमचे स्पष्ट मत असे की, ज्याच्याजवळ दीड लाख आहेत त्याने सव्वा लाखाच्या आतली गाडी पाहावी. बाकीचे पैसे हातचे राखावे.

आता एकेका खर्चाकडे नीट पाहू. पहिले काम कागदाचे.

जमीन घेतली की आपण काय करतो? खरेदीखत होते, मग फेरफार पडतो आणि सातबाऱ्यावर नाव चढते. मोटारीचा सातबारा म्हणजे आर.सी. पूर्वी ते पुस्तक असे, आता लहानसे कार्ड असते. त्यावर मालकाचे नाव, गाडी नोंदल्याची तारीख, नोंद कधीपर्यंत चालेल ती तारीख, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतो. तुम्हाला आता वाचता येते. तेव्हा कार्ड स्वतः हातात घ्या. त्यावरचा चेसिस नंबर आणि गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर एकेक अक्षर जुळवून पाहा. इंग्रजी अक्षरे जमत नसतील तर शाळेतल्या मुलाला बरोबर न्या. यात लाज कसली?

सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, तसा आर.सी.वर बँकेचा बोजा असतो. आधीच्या मालकाने कर्ज काढून गाडी घेतली असेल तर तशी नोंद तिथे असते. कर्ज फिटले असले तरी नोंद आपोआप जात नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म आर.टी.ओ. कचेरीत दिल्यावर ती निघते. हे काम विकणाऱ्याचे आहे. ‘तुम्ही पैसे द्या, मी नंतर दाखला आणून देतो,’ असे कुणी म्हणाले तर पैसे देऊ नका. बोजा आधी, पैसे मग.

नाव बदलण्यासाठी दोन फॉर्म लागतात, एकोणतीस नंबरचा आणि तीस नंबरचा. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे. घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. असा १९८८ सालचा मोटार वाहन कायदा सांगतो. मोटारीच्या नाव-बदलाची सरकारी फी तीनशे रुपये आणि कार्डाचे दोनशे रुपये आहेत. मग एजंट तीन-चार हजार का मागतो? बाकीची त्याची मजुरी. अर्ज आता संगणकावरून भरता येतो. ज्याच्या घरी शिकलेला मुलगा आहे, त्याने हे पैसे वाचवावे. ज्याला जमत नाही त्याने एजंट धरावा, पण सरकारी पावती मागून घ्यावी. पावतीवर किती आणि खिशातून किती, हे तरी कळते.

आता एक फार महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे अशी समजूत आहे की, स्टँप पेपरवर लिहून घेतले, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, म्हणजे गाडी आपली झाली. कागद करून ठेवावा, त्याचा उपयोग आहे. पण त्याने आर.सी.वरचे नाव बदलत नाही.

सुप्रीम कोर्टाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी एका खटल्यात निकाल दिला. एका माणसाने २००७ साली आपली मोटार विकली. घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्याने आणखी पुढे. गाडी हातोहात फिरली, पण आर.सी.वर नाव पहिल्याचेच राहिले. २००९ साली ती गाडी मागे घेताना अपघात झाला. त्यात एक मूल दगावले. गाडीला विमा नव्हता. भरपाई कोणी द्यायची? कोर्टाने सांगितले, आर.सी.वर ज्याचे नाव तोच मालक. त्याने गाडी विकून जवळजवळ दोन वर्षे झाली होती, तरी भरपाई त्याच्यावर पडली.

तुम्ही म्हणाल, हे तर विकणाऱ्याचे दुखणे, घेणाऱ्याला काय त्याचे? थोडा विचार करा. गाडी तुमच्या नावावर नसेल तर तिला चोरी झाली, अपघात झाला, तर विम्याची कंपनी तुम्हाला ओळखत नाही. बँक ओळखत नाही. उद्या ती विकायची झाली तर सहीसाठी आधीच्या मालकाला शोधत फिरावे लागते. तो मुंबईला गेलेला असतो, नाहीतर वारलेला असतो. मग वारसांच्या दारी जा. आणि तुमच्या दारातली जुनी फटफटी तुम्ही कुणाला विकली असेल, आणि ती अजून तुमच्याच नावावर असेल, तर हा निकाल तुम्हालाही लागू आहे.

गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर खर्च आणखी वाढतो. तिथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला, म्हणजे अठ्ठावीस नंबरचा फॉर्म लागतो. मग आपल्या राज्याचा कर गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो. आधीच्या राज्यात भरलेला कर परत मागता येतो, पण तो मागायला तिकडे कागद धाडावे लागतात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या यांच्याविरुद्ध २०१५ सालापासून कोर्टाचे हुकूम झाले. तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. गाडी दिसते चकचकीत आणि किंमतही कमी. पण कर, दाखला, ये-जा हे सगळे मिळवून पाहा. मग स्वस्त ठरते का ते बघा.

दंडाचेही विचारा. आता पोलीस हातात पावती देतातच असे नाही. कॅमेऱ्याने फोटो निघतो आणि गाडीच्या नंबरावर दंड चढतो. आधीच्या मालकाने सिग्नल तोडला, वेग वाढवला, तर तो दंड गाडीबरोबर तुमच्या दारात येतो. सरकारचे एम-परिवहन नावाचे ॲप आहे. त्यात गाडीचा नंबर घातला की गाडीची माहिती आणि थकलेला दंड दिसतो. मोबाइल तर आता घरोघरी आहे. सौद्याला जाण्यापूर्वीच हे पाहून घ्यावे.

विम्याची गोष्ट जरा नीट समजून घ्या, कारण इथे चांगले शिकलेले लोकही चुकतात.

विम्याचे दोन भाग असतात. एक भाग दुसऱ्यासाठी. आपल्या गाडीने कुणाला इजा झाली, कुणी दगावले, तर त्याची भरपाई या भागातून होते. हा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड चार हजार. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो घ्यावा की नाही हे आपल्या मर्जीवर आहे.

गाडी विकली की दुसऱ्यासाठीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेला, असे कायदा मानतो. पण स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यावे लागते. विकणारा सांगतो, ‘विमा अजून आठ महिने आहे, तुम्हाला खर्च नाही.’ तुम्ही खूश होता. मध्येच गाडी खड्ड्यात जाते. कंपनी विचारते, विमा कुणाच्या नावावर? झाले! दुरुस्तीचे पैसे मिळत नाहीत.

शिवाय एक सूट असते. वर्षभर विम्याचे पैसे मागितले नाहीत, तर पुढच्या वर्षी हप्ता कमी होतो. पहिल्या वर्षी वीस टक्के, आणि पाच वर्षे काही न मागितल्यास पन्नास टक्के. ही सूट माणसाची असते, गाडीची नव्हे. नाव बदलताना आधीच्या मालकाची सूट निघते, आणि उरलेल्या महिन्यांपुरता फरक तुम्हाला भरावा लागतो. समजा, स्वतःच्या नुकसानीचा हप्ता आठ हजार आहे आणि त्याला निम्मी सूट होती. तर वर्षाचा फरक चार हजार. आठ महिने बाकी असतील तर सुमारे दोन हजार सातशे. हा आकडा कुणी आधी सांगत नाही.

दुसऱ्यासाठीच्या विम्याचा हप्ता सरकार ठरवते. जून २०२२ मध्ये ठरलेले दर असे होते : एक हजार सी.सी.पर्यंतच्या मोटारीला २,०९४ रुपये, दीड हजार सी.सी.पर्यंत ३,४१६ रुपये, आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७ रुपये. त्यावर कर वेगळा. पाहा, इंजिन मोठे झाले की हप्ता दुपटीहून वाढतो. मोठ्या जीपगाड्या जुन्या झाल्या की स्वस्त मिळतात, आणि आपल्या पोरांना त्यांची हौस फार. मोठ्या गाडीचा टायरही महाग, ऑइलही जास्त, विमाही जड. किंमत तेवढी उतरते, खर्च उतरत नाही.

आता गाडीच्या वयाविषयी. खासगी मोटारीची नोंद पंधरा वर्षे चालते. पुढे गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी नोंद वाढवावी लागते. या कामाची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाली. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झाली. पंधरा वर्षे झाली की आपल्या राज्याचा पर्यावरण कर आणखी वेगळा. चौदा वर्षांची गाडी ऐंशी हजाराला मिळते ती का मिळते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. वर्षभराने हा खर्च येणार, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून आर.सी.वरची शेवटची तारीख आधी वाचावी.

नंबरपाट्यांचे थोडक्यात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात नव्या जातीची, सरकारी खुणेची पाटी सक्तीची केली आहे. मोटारीला ७४५ रुपये आणि वर अठरा टक्के कर. विकणाऱ्याने ती बसवली असेल तर तेवढे वाचले. धुराचा दाखला सव्वाशे-दीडशे रुपयांचे काम आहे. पण तो नसला तर दंड दहा हजारांपर्यंत होऊ शकतो. तेवढ्यासाठी कुणी हयगय करू नये.

कागद झाले. आता लोखंड.

गाडी पाहायला जाताना आपला मेस्त्री बरोबर न्यावा. विकणाऱ्याने सुचवलेला मेस्त्री नको. पाचशे-हजार रुपये जातील, जाऊ द्या. त्याला इंजिन थंड असताना चालू करायला सांगा. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर समजावे की काहीतरी लपवायचे आहे. मागच्या नळीतून निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे. हे काम मोठ्या खर्चाचे असते.

टायरची तारीख तुम्ही स्वतः वाचू शकता. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार इंग्रजी आकडे असतात. समजा तिथे २३१९ असे आहे. तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. वर नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक होते, त्याला भेगा पडतात. उन्हाळ्यात लांबच्या रस्त्याला असा टायर फुटतो. तेव्हा जुन्या टायरचे पैसे किमतीतून कापून मागायला संकोच करू नका.

क्लचप्लेट, ब्रेकचे पॅड, बॅटरी या झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्या कधी ना कधी बदलाव्या लागणारच. पण एका पट्ट्याविषयी मुद्दाम सांगतो. काही गाड्यांच्या इंजिनात टायमिंग बेल्ट नावाचा रबरी पट्टा असतो. काहींत त्याच्या जागी साखळी असते. पट्टा ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर पुष्कळ इंजिनांत आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि सारे इंजिन उघडावे लागते. काही हजारांचे काम मग लाखाच्या घरात जाऊ शकते. म्हणून या गाडीत पट्टा आहे की साखळी, आणि पट्टा असेल तर शेवटचा कधी बदलला, हे विचारावे. बिल दाखवा म्हणावे. बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून हिशेब करावा.

किलोमीटरचा आकडाही मागे फिरवता येतो. आकडा तीस हजार दाखवतो आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर पार घासून गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगचे चाक तुकतुकीत झालेले. मग खरे कोण? पायपट्टी खोटे बोलत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुरात महापूर आला. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले. अशा पुरांत मोटारी छतापर्यंत पाण्यात राहतात. मग त्या धुऊनपुसून विकायला निघतात. पाण्यात राहिलेल्या गाडीच्या तारा वर्ष-सहा महिन्यांनी गंजू लागतात. आज दिवे जातात, उद्या गाडी चालूच होत नाही, आणि मेस्त्रीलाही दोष सापडत नाही. पायाखालची सतरंजी उचलून पाहा. खाली वाळका गाळ आहे का? सीटखालच्या पट्ट्या गंजल्या आहेत का? आत कुबट वास येतो का? वास लपवण्यासाठी अत्तराची डबी टांगलेली असली तर नाक जरा जास्तच चालवा.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळतात. ते आपल्याच उसापासून आणि धान्यापासून होते, तेव्हा आपण त्याला नावे ठेवणार नाही. पण जुन्या गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. काही जुन्या गाड्यांतले रबरी भाग आणि गॅस्केट त्यामुळे लवकर बदलावे लागू शकतात. थोडा खर्च त्यासाठीही धरावा.

पुष्कळजण मनात असे धरतात की, गाडीचा खर्च गाडीनेच काढायचा. बाजाराच्या दिवशी चार माणसे भरायची, लग्नाचे एखादे भाडे मारायचे. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवायला कायद्याची परवानगी नाही. परवान्याविना भाडे मारताना सापडल्यास दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण आम्हाला दंडापेक्षा दुसरी भीती वाटते. अशा वेळी अपघात झाला तर विम्याची कंपनी हात वर करू शकते. मग जखमी माणसांची भरपाई घर, जमीन, गोठ्यातली जनावरे यांतून द्यावी लागते. बाजाराच्या चार-पाचशे रुपयांसाठी एवढी जोखीम कशाला घ्यावी?

कर्ज काढून जुनी गाडी घेणाऱ्यांनी व्याजाचा दर नीट विचारावा. नव्या गाडीपेक्षा जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज बहुधा जास्त असते, आणि कागदपत्रांचा खर्च म्हणून काही रक्कम आधीच कापून घेतात. आर.सी.वर बँकेचा बोजा चढवायचा म्हणजे मोटारीला पंधराशे रुपये फी पडते. व्यापाऱ्याकडून गाडी घेतलीत तर त्याच्या नफ्यावर कर असतो, तो त्याने किमतीतच धरलेला असतो. घरगुती मालकाकडून घेतलीत तर हा कर नाही. कुणी तो वेगळा मागितला तर देऊ नका.

सौदा पुरा झाला, पैसे दिले, आता गाडी घेऊन निघायचे. निघण्यापूर्वी दोन किल्ल्या मागून घ्या. आताच्या पुष्कळ गाड्यांच्या किल्लीत विजेची चकती असते, आणि दुसरी किल्ली करवायला हजारो रुपये पडतात. मग एका कागदावर लिहा : गाडीचा नंबर, दिलेली रक्कम, तारीख आणि घड्याळात पाहून नेमकी वेळ. खाली दोघांनी सह्या कराव्या आणि एकेक प्रत ठेवावी. त्या वेळेच्या आधी त्या गाडीने काही गुन्हा केला असेल तर तो तुमच्याकडून घडलेला नाही, हे या कागदावरून दाखवता येते. विकणाऱ्यालाही त्या वेळेपुढचा असा पुरावा राहतो. फॉर्म नंबर एकोणतीस आणि तीसवर त्याच्या सह्या तिथेच घ्याव्या, आणि दुसऱ्याच दिवशी अर्जाच्या कामाला लागावे.